प्रकाशगतिकीय चिकित्सेतील मात्रामापन

प्रकाशगतिकीय चिकित्सेतील मात्रामापन : विशिष्ट रंजकद्रव्य रुग्णाच्या शरीरात देऊन ते अर्बुदात (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेल्या गाठीत) साठल्यावर त्या जागी योग्य तरंगलांबीचा प्रकाश पाडावयाचा व अर्बुद नष्ट करावयाचे, या उपचारपद्धतीस प्रकाशगतिकीय चिकित्सा म्हणतात. उपचारात वापरण्यात येणाऱ्या प्रमाणात रंजकद्रव्य अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असते आणि नुसता तांबडा प्रकाशही कोशिकांना इजा करीत नाही. दोन्ही एकत्र आले व त्या ठिकाणी ऑक्सिजन उपलब्ध असला, म्हणजे ऑक्सिजनाचे अतिशय क्रियाशील रूप निर्माण होते व त्यामुळे कोशिका मरतात. गोळीच्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येते. क्ष-किरणांच्या उपचारात ऊतकाने (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाने) शोषिलेली ऊर्जा ‘ग्रे’ या एककात मोजतात. प्रकाशगतिकीय चिकित्सेत मात्र परिणाम औषध, प्रकाश व ऑक्सिजन या तीन गोष्टींवर अवलंबून असतो व उपचार चालू असताना त्या तिन्ही बदलत राहतात. त्यामुळे ‘मात्रा म्हणजे नेमके काय?’ हा प्रश्नच या विषयात दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर शोधण्याचा इतिहास हाच या नोंदीचा विषय आहे.

या चिकित्सेचा उगमच मुळी मात्रेतील एका विसंगतीत आहे. जर्मनीतील म्यूनिक येथे औषधिक्रियावैज्ञानिक हेरमान फोन टापाइनर (१८४७–१९२७) यांच्या मार्गदर्शनाखाली ओस्कार राब हा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंजकद्रव्याचा पॅरामिशियम या एककोशिक प्राण्यावरील विषारी परिणाम अभ्यासत होता. विद्रावाची संहती (विद्रावातील द्रव्याचे प्रमाण) तीच ठेवूनही प्राणी मरण्यास लागणारा वेळ निरनिराळ्या दिवशी फार वेगवेगळा येई. ढगाळ, वादळी हवेच्या दिवशी प्राणी जास्त वेळ जगत असल्याचे ध्यानात आल्यावर ही तफावत खोलीतील प्रकाशामुळे पडते, असे राबने अनुमान काढले व प्रयोगांनी ते सिद्ध केले. हे संशोधन १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. रंजकद्रव्याचे वजन काटेकोरपणे केले होते, पण खिडकीतून येणारा प्रकाश कोणी मोजला नव्हता. पुढील शंभर वर्षांत हाच प्रकार निरनिराळ्या रूपांत पुन्हापुन्हा घडलेला दिसतो.

टापाइनर यांनी त्वचारोगतज्ज्ञ आल्बेर्ट येझिओनेक यांच्या सहकार्याने १९०३ मध्ये त्वचेच्या अर्बुदांवर इओसीनचा लेप लावून त्यांवर प्रकाश पाडण्याचे उपचार केले. योडलबाउअर यांच्यासमवेत केलेल्या प्रयोगांत या क्रियेस ऑक्सिजन आवश्यक असतो, हे टापाइनर यांना आढळून आले व या आविष्कारास त्यांनी ‘प्रकाशगतिकीय’ हे नाव दिले. डेन्मार्कमधील नील्स फिन्सन (१८६०–१९०४) यांना ज्या प्रकाशोपचारांबद्दल १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते यापेक्षा वेगळे होत. त्यांत बाहेरून रंजकद्रव्य दिलेले नव्हते. म्यूनिकच्या उपचारांत प्रकाशाचे प्रमाण घड्याळाने, म्हणजे किती वेळ दिला एवढ्यावरूनच सांगितले जाई. दिव्याची शक्ती, अंतर व वर्णपट यांची बेरीज-वजाबाकी करण्याची सोयच नव्हती.

औषधाच्या बाजूनेही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. रक्तापासून मिळणाऱ्या हीमॅटोपॉर्फिरीन या द्रव्याकडे संशोधकांचे लक्ष वळल्यावर फ्रीड्रिख मायर-बेट्स या जर्मन वैद्यांनी १९१२ मध्ये त्याचे २०० मिग्रॅ. स्वतःच्याच शरीरात टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांच्या चेहऱ्यावर व हातांवर प्रचंड सूज आली आणि प्रकाशाविषयीची ही असहिष्णुता सु. दोन महिने टिकली. शरीरात गेलेले द्रव्य किती काळ व कोठे राहते, हा प्रश्न मिलिग्रॅमच्या आकड्याने सुटत नाही, याचा हा पहिला पुरावा होय. फ्रान्समध्ये पोलिकार यांनी १९२४ मध्ये अर्बुदांतील पॉर्फिरिनांचे तांबडे अनुस्फुरण पाहिले. सॅम्युएल श्वार्ट्‌स यांनी १९५५ च्या सुमारास बाजारी हीमॅटोपॉर्फिरीन हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असल्याचे दाखविले. अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे रिचर्ड लिप्सन व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास त्यापासून अर्बुदात अधिक चांगले साठणारे ‘हीमॅटोपॉर्फिरीन अनुजात’ तयार केले. तेही मिश्रणच होते. तेव्हा ‘किलोग्रॅम वजनास इतके मिलिग्रॅम’ या आकड्यातील प्रत्यक्ष क्रियाशील भाग किती, याविषयी संदिग्धता कायमच राहिली.

आधुनिक प्रकाशगतिकीय चिकित्सेचा पाया अमेरिकेतील बफालो येथील रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत टॉमस डोअर्टी (१९३३–२०१८) यांनी घातला. हीमॅटोपॉर्फिरीन व तांबडा प्रकाश यांच्या साहाय्याने प्राण्यांतील अर्बुदे पूर्ण बरी झाल्याचे त्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये त्यांच्या गटाने २५ रुग्णांतील ११३ अर्बुदांवरील उपचारांचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांपैकी १११ अर्बुदे पूर्णतः वा अंशतः नाहीशी झाली होती. या कामाचे वैशिष्ट्य केवळ यशाच्या आकड्यात नाही. औषध किती दिले, त्यानंतर किती वेळाने प्रकाश दिला व त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती ऊर्जा पडली, याची नोंद ठेवण्याची शिस्त येथून लागली. इंजेक्शन व प्रकाश यांतील कालांतर योग्य निवडल्यास भोवतालची निरोगी त्वचा वाचविता येते, हेही या नोंदींवरूनच उमगले. याच संस्थेतील वाइसहाउप्ट, गोमर व डोअर्टी यांनी १९७६ मध्ये कोशिकांना मारणारे द्रव्य ‘एकल अवस्थेतील ऑक्सिजन’ हे असल्याचे दाखविले. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रंजकाचा रेणू आपली ऊर्जा साध्या ऑक्सिजनाच्या रेणूस देतो व त्याचे हे रूप बनते. कोशिकेत ते सेकंदाच्या काही दशलक्षांशांहूनही कमी काळ टिकते. म्हणून जेथे ते निर्माण होते तेथेच, कोशिकेच्या रुंदीच्याही अल्पशा भागात, त्याचा परिणाम होतो.

आता मापनाचे सूत्र सोपे वाटू लागले. दिव्याची तीव्रता (वॉट प्रति चौ. सेंमी.) गुणिले सेकंद म्हणजे जूल प्रति चौ. सेंमी. झेनॉन दिव्यांच्या जागी प्रथम रंजक लेसर व पुढे अर्धसंवाहक लेसर आल्यावर एकाच तरंगलांबीचा प्रकाश बारीक तंतूतून शरीरात नेता येऊ लागला व त्याची शक्ती तंतूच्या टोकाशी मोजणेही सुलभ झाले. प्रमाणित उपचारांची टिपणे याच भाषेत लिहिली गेली. अमेरिकेत १९९५ मध्ये ग्रासनलीच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेल्या फोटोफ्रिन या औषधाची मात्रा किलोग्रॅम वजनास २ मिग्रॅ. असून ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जांश) तरंगलांबीचा प्रकाश विसरक तंतूच्या प्रत्येक सेंमी. लांबीस ३०० जूल या प्रमाणात देतात. तंतूची शक्ती प्रति सेंमी. ४०० मिलिवॉट ठेवली, तर यास साडेबारा मिनिटे लागतात. युरोपात २००१ मध्ये मान्य झालेल्या टेमोपॉर्फिनची मात्रा किलोग्रॅमला अवघी ०.१५ मिग्रॅ. असून ९६ तासांनी ६५२ नॅनोमीटरचा प्रकाश चौ. सेंमी.ला २० जूल, म्हणजे १०० मिलिवॉट तीव्रतेने २०० सेकंद, एवढाच द्यावा लागतो. मनगटावरील घड्याळ पुरेसे व्हावे, इतकी ही कृती सरळ आहे. तथापि दोन औषधांच्या आकड्यांतील हा फरकच सांगतो की, जूल हे यंत्राने दिलेल्या प्रकाशाचे माप आहे. ऊतकावर झालेल्या क्रियेचे नव्हे.

क्ष-किरणांच्या इतिहासाशी येथे तुलना करण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी क्ष-किरणांची मात्रा त्वचा किती लाल झाली यावरून किंवा बेरियम प्लॅटिनोसायनाइडाच्या वडीचा रंग किती पालटला यावरून ठरवीत. रंटगेन हे एकक १९२८ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले आणि शोषित ऊर्जेचे ग्रे हे एकक १९७५ मध्ये [⟶ क्ष-किरण]. बाहेर सोडलेल्या किरणांकडून ऊतकात शोषल्या गेलेल्या ऊर्जेकडे जाण्यास तेथे अर्धशतकाहून अधिक काळ लागला. प्रकाशाच्या बाबतीत हा मार्ग अधिक बिकट होता. कारण क्ष-किरण शरीरातून बव्हंशी सरळ जातात, तर दृश्य प्रकाश ऊतकात शिरताच दर काही शतांश मिलिमीटरांवर दिशा बदलू लागतो.

या अडचणीची किंमत मूत्राशयाच्या उपचारांत मोजावी लागली. मूत्राशयाच्या आतील अस्तरात एकाच वेळी अनेक ठिकाणी उगवणाऱ्या उथळ कर्करोगावर ही चिकित्सा आदर्श वाटत होती. मूत्राशय द्रवाने फुगवून मध्यभागी प्रकाश देणारा तंतू ठेवला, की साऱ्या भिंतीवर एकदम उपचार होणार होता. मध्यभागातील शक्ती व भिंतीचे क्षेत्रफळ यांवरून चौ. सेंमी.ला किती जूल पडतील याचे गणित केले जाई. अर्बुदे नाहीशी झाली. पण काही रुग्णांत अस्तराखालील स्नायूही भाजल्यासारखा होऊन मूत्राशय कायमचा आक्रसला व त्यांच्यावर दिवसरात्र वारंवार लघवीस जाण्याची पाळी आली. गणितात चूक नव्हती. ते अपुरे होते. पांढुरक्या भिंतीवर पडलेला तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फिरतो, समोरच्या भिंतीवर आदळतो व तेथूनही पुन्हा उसळतो. आतून चुना लावलेल्या लहान खोलीत एकच दिवा लावावा व त्याच्या मानाने खोली फारच उजळ वाटावी, तसा हा प्रकार होय.

नेदर्लंड्समधील रॉटरडॅम येथे विलेम स्टार व मारेनिसेन यांनी १९८० नंतरच्या दशकात हा परिणाम प्रत्यक्ष मोजला. सपाट संवेदक फक्त समोरून येणारा प्रकाश टिपतो. म्हणून त्यांनी तंतूच्या टोकावर सु. एक मिमी. व्यासाचा प्रकीर्णक गोळा बसवून सर्व दिशांकडून येणारा प्रकाश सारखाच टिपणारी एषणी (शरीराच्या पोकळीत घालून तपासणी करण्याचे बारीक साधन) वापरली. पोकळ इंद्रियाच्या भिंतीशी असणारा एकूण प्रकाश हा सरळ पडणाऱ्या प्रकाशाच्या काही पटींनी, मूत्राशयात तर पाच पटींच्या आसपासही असू शकतो, असे दिसून आले. याहून महत्त्वाचे म्हणजे ही पट रुग्णागणिक वेगळी येते; तेव्हा एकच गुणक घेऊन जुने आकडे दुरुस्त करणे शक्य नव्हते. प्रत्येक रुग्णात उपचाराच्या वेळीच मोजणे, हाच उपाय. एषणीचेही स्वतःचे प्रश्न आहेत. हवेत अंशांकन केलेली (मापनखुणा प्रमाणित केलेली) एषणी पाण्यात कमी वाचन देते, कारण गोळा व भोवतालचे माध्यम यांच्या सीमेवरील परावर्तन बदलते. हे ध्यानात न घेतल्यास मोजूनही चूक होते. फुप्फुसावरणाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर छातीच्या पोकळीवर उपचार करताना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पोकळीत निरनिराळ्या ठिकाणी अशा एषण्या टाके घालून बसवितात, पोकळी शिरेतून पोषणासाठी देण्यात येणाऱ्या दुधासारख्या मेदपायसाच्या सौम्य मिश्रणाने भरतात आणि प्रत्येक एषणीवर ठराविक आकडा येईपर्यंत प्रकाशाचा स्रोत हाताने फिरवीत राहतात.

भिंतीच्या पृष्ठावरील प्रकाश कळला, तरी खोलीतील प्रश्न उरतोच. कॅनडातील ब्रायन विल्सन व मायकेल पॅटर्सन या भौतिकीविज्ञांनी १९८६ मध्ये या चिकित्सेच्या भौतिकीचा विस्तृत आढावा घेतला व तेव्हापासून या विषयाला गणिती बैठक लाभली. पॅटर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदराच्या जातीतील मोठ्या प्राण्याच्या (घुशीसारख्या रॅटच्या) निरोगी यकृतावर प्रयोग करून ‘सीमामात्रा’ ही कल्पना तपासली. मेलेले व जिवंत ऊतक यांमधील सीमारेषा स्पष्ट असते. त्या रेषेवर औषधाने दर घ. सेंमी.मध्ये किती फोटॉन (प्रकाशाचे ऊर्जाकण) शोषिले असतील, ते काढता येते. औषध व ऊतक यांनुसार ही संख्या बदलत असली, तरी ती साधारणपणे १० च्या १८ व्या ते १९ व्या घातांच्या पातळीवर येते. ६३० नॅनोमीटरच्या एका जूलात सु. ३.२ × १० चा १८ वा घात इतके फोटॉन असतात, यावरून या आकड्याची कल्पना येईल. येथे प्रथमच प्रकाशाचे माप व औषधाचे ऊतकातील प्रमाण एका राशीत गुंफले गेले.

या कल्पनेतून एक व्यावहारिक गोष्ट उलगडते. तांबड्या प्रकाशाची तीव्रता ऊतकात समजा दर ३ मिमी.ला ३७ टक्क्यांवर येते. अशा ऊतकात प्रकाश दुप्पट वेळ दिला, तर नाशाची खोली दुप्पट होत नाही. ती जेमतेम २ मिमी. वाढते. ढोबळ टिपणांवर चाललेले उपचार इतकी वर्षे बऱ्यापैकी यशस्वी का होत होते, त्याचे हे एक कारण असावे : जाड अर्बुदात मात्रेतील दुपटीची चूकही थोडक्या मिलिमीटरांत जिरून जाते. परंतु ग्रासनलीची किंवा मूत्राशयाची भिंतच मुळी काही मिमी. जाडीची असते. तेथे तेच दोन मिमी. म्हणजे बरे होणे व भोक पडणे यांतील अंतर होय.

औषधाचे प्रमाणही स्थिर नसते. सारखीच मात्रा टोचलेल्या दोन रुग्णांच्या, इतकेच नव्हे तर एकाच रुग्णाच्या अर्बुदाच्या दोन भागांतील औषधाचे प्रमाण अनेक पटींनी वेगळे आढळते. शिवाय प्रकाश पडत असताना औषधाचे रेणू स्वतःही नष्ट होतात. या विरंजनाचा उपचारावरील परिणाम टॉमस मँग, डोअर्टी व इतरांनी १९८७ मध्ये दाखविला. वरवर ही हानी दिसते, पण तिचा उपयोग करून घेता येतो. निरोगी ऊतकात औषध मुळातच थोडे असते. ते विरून सीमामात्रेखाली गेले, की पुढे कितीही प्रकाश दिला तरी त्यास इजा होत नाही. तसेच बरीच औषधे ज्या क्रियेने कोशिका मारतात तिच्यामुळेच विरतात. म्हणून अनुस्फुरण किती मंदावले हे पाहून क्रिया किती झाली याचा अंदाज बांधता येतो. मात्र ऑक्सिजन संपल्यावर काही द्रव्ये दुसऱ्याच मार्गाने विरू लागतात. मग हा हिशेब फसवा ठरतो.

ऑक्सिजन हा तिसरा घटक सर्वांत उशिरा मोजमापात आला. राबच्या प्रयोगांनंतर लवकरच त्याची आवश्यकता ठाऊक झाली होती. पण रक्तातून तो अखंड येत राहतो, असे गृहीत धरलेले होते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील टॉमस फॉस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये गणिताने दाखविले की, नेहमीच्या उपचारांतील तीव्रतेला ही क्रिया ऑक्सिजन इतक्या झपाट्याने खाते, की केशवाहिनीपासून दूर असलेल्या कोशिकांपर्यंत तो पोहोचतच नाही. त्या कोशिका प्रकाशात न्हाऊनही जिवंत राहतात. जूल तेवढेच ठेवून तीव्रता कमी केली, किंवा ३० सेकंद प्रकाश व ३० सेकंद अंधार असे आलटून पालटून दिले, तर प्राण्यांतील अर्बुदांवर परिणाम वाढतो. म्हणजे तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार सारखा असला, तरी मात्रा सारखी नसते. ज्या सूत्रावर सर्व टिपणे उभी होती, त्याच्या मुळाशीच हा घाव होता. व्यवहारात त्याचा अंमल सोपा नाही. शस्त्रक्रियागृहात शुद्धिहरण केलेल्या रुग्णावर बारा मिनिटांऐवजी दोन तास प्रकाश पाडणे कोणत्याही शस्त्रक्रियातज्ज्ञास सहजी मान्य होत नाही. जेथे अशी अडचण नाही, त्या त्वचारोगांत मात्र मंद प्रकाशाचा लाभ घेतला गेला. कोपनहेगन येथे २००८ मध्ये कर्करोगपूर्व त्वचाविकारांवर मलम लावून रुग्णांना साध्या दिवसाच्या उजेडात सु. अडीच तास बसविण्यात आले. परिणाम दिव्याइतकाच मिळाला व वेदना फार कमी झाल्या.

अष्ठीला ग्रंथीच्या (पुरुषांतील मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीच्या) कर्करोगात प्रकाश बाहेरून पाडणे शक्य नसते. सुयांवाटे अनेक तंतू ग्रंथीत खुपसावे लागतात. प्रत्येक तंतू कोठे व किती खोल, याची आखणी रुग्णाच्या प्रतिमांवरून आधीच करावी लागते. टोरांटो येथील गटाने प्रारणोपचारानंतर उलटलेल्या रोगाच्या रुग्णांत ग्रंथीतील प्रकाश एषण्यांनी मोजला व ग्रंथीच्या ९० टक्के भागास चौ. सेंमी.ला निदान २३ जूल मिळाल्याशिवाय पूर्ण परिणाम साधत नाही, असे २००८ मध्ये मांडले. मागच्या बाजूस लागूनच असलेल्या मलाशयास इजा होण्याचा धोका याच मालिकेत प्रत्ययास आला. स्वीडनमधील लुंड येथे एकच तंतू प्रकाश देण्यासाठी व इतर तंतूंतून येणारा प्रकाश मोजण्यासाठी आलटून पालटून वापरून उपचार चालू असतानाच मात्रा सुधारण्याची व्यवस्था तयार झाली. युरोपात २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅडेलिपॉर्फिनच्या बाबतीत मात्र ठराविक कृतीच स्वीकारण्यात आली : किलोग्रॅमला ४ मिग्रॅ. औषध व ७५३ नॅनोमीटरचा प्रकाश तंतूच्या दर सेंमी.ला २०० जूल.

विल्सन, पॅटर्सन व लिल्गे यांनी १९९७ मध्ये मात्रामापनाच्या पद्धतींची जी विभागणी केली, ती आजही वापरली जाते. प्रकाश, औषध व ऑक्सिजन वेगवेगळे मोजून त्यांवरून मात्रा काढणे ही व्यक्त पद्धती. विरंजनासारख्या एकाच बदलावरून तिन्हींचा एकत्रित परिणाम जोखणे ही अव्यक्त पद्धती. याखेरीज एकल अवस्थेतील ऑक्सिजन साक्षात मोजणे ही तिसरी, प्रत्यक्ष पद्धती होय. हा ऑक्सिजन पूर्वस्थितीस येताना १,२७० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो. परंतु कोशिकेत तो बहुधा आधीच कशावर तरी क्रिया करून संपतो; असा प्रकाश सु. दहा कोटींत एखादाच रेणू देतो. हा क्षीण प्रकाश जिवंत ऊतकात पकडण्यात नीड्रे, पॅटर्सन व विल्सन यांना २००२ मध्ये यश आले. त्यासाठी अतिशय संवेदनशील व खर्चिक उपकरणे लागतात, आणि मिळणारा संकेत पृष्ठभागालगतच्या थराचा असतो. खोलवरच्या ऊतकातून तो बाहेर येईपर्यंत बराचसा शोषला जातो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकीविज्ञांच्या संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात प्रकाशाच्या मापनाचे व एषण्यांच्या अंशांकनाचे तपशीलवार विवेचन आहे. रुग्णालयांतील बहुतेक उपचार मात्र अद्यापही औषधाचे मिलिग्रॅम, मधले तास आणि प्रकाशाचे जूल या तीन आकड्यांवरच चालतात.